दिलीपची पडताळणी आणि आमचे टीव्ही गेम

छंदानं माणसाला सुख मिळतं म्हणतात. आमच्या छंदानं आम्हाला घाम फोडला. जुने टीव्ही गेम गोळा करणारे आम्ही चौघं एकत्र बसलो की ‘मला हे सापडलं, मला ते सापडलं’ असलं बोलणं होतच नाही. कुठं कशी फाटली, एवढंच आम्ही एकमेकांना सांगतो. आणि भीतीचे किस्से मोठे चिवट असतात. मजेचा किस्सा एकदा सांगितला की शिळा होतो, भीतीचा मात्र दर खेपेला थोडा वाढतो. त्यामुळे आमच्याकडे गेम कमी आणि किस्से जास्त जमलेत.

टीव्ही गेम म्हणजे कोणता, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. १९९९-२००० च्या सुमारास गोंदियाच्या बाजारात एक प्लॅस्टिकचा खोका मिळायचा. तो टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट खुपसायची, दोघांनी दोन रिमोट धरायचे आणि रणगाडे नाहीतर पाखरं मारत बसायचं. कॅसेटवर हजारभर गेम लिहिलेले असायचे, आत तेच पाच-सहा नाव बदलून फिरत राहायचे. पुढं मोबाईल आले. खोके माळ्यावर गेले, माळ्यावरून भंगारात गेले, आणि दहा-बारा वर्षांनी आम्हाला त्यांचा पुळका आला.

आम्ही चौघं म्हणजे तिरोड्याला टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारा नंदू मेश्राम, दवनीवाड्याला धान पिकवणारा खेमराज रहांगडाले, गोंदियात औषधाच्या दुकानात काउंटरला उभा राहणारा मी, आणि चौथा दिलीप राऊत.

दिलीपचं जरा नीट सांगतो, कारण हे किस्से ज्या वर्षाचे आहेत, त्या वर्षीचे बहुतेक किस्से त्याच्यापाशी येऊन थांबतात. पोलीस भरतीत त्याचं नाव लागलं होतं. धावण्याचं ग्राउंड झालं, लेखी झाली, राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. भरतीचं वय संपत आलेलं, म्हणजे ही गेली तर पुढची भरती त्याच्यासाठी नव्हतीच. वडील नाहीत. आई दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायची, तिची कंबर आता वाकत नव्हती. कुठल्याही ठाण्याच्या कागदावर दिलीपचं नाव चढलं की सगळं संपलं असतं. आणि जुन्या गेमचं वेड चौघांत सगळ्यात जास्त त्यालाच!

आम्ही त्याला म्हणायचो, “बावा, ऑर्डर येईपर्यंत घरी बसून राह ना.”

तो म्हणायचा, “घरी बसलो का पडताळणीचाच विचार येते. तुमच्यासंगं आलो त निदान दुसरी कोनती तरी भीती वाटते.”

* * *

पहिला किस्सा भुताचा.

बोदलकसा तलावाच्या बाजूच्या एका गावातून एक म्हातारबा नंदूच्या दुकानात आले. त्यांच्या घरच्या टीव्हीत भूत शिरलं होतं. रोज दुपारी, गाव झोपलं की टीव्हीवर मुंग्या यायच्या, मुंग्यांतून रणगाडे निघायचे आणि आपोआप एकमेकांना मारायचे. कोणी रिमोटला हात लावलेला नसायचा. म्हातारबांच्या घरात दुपारची झोप बंद झाली होती, आणि लहान नातवाला अंगात ताप भरला होता.

रणगाडे म्हटल्यावर नंदूचे कान टवकारले. जवळपास कुठंतरी गेम चालू होता. जुन्या गेमची वायर अँटेनाला भिडली की चित्र अँटेनातून बाहेर पडतं आणि शेजारच्या टीव्हीत जाऊन बसतं, हे त्यानं पूर्वी पाहिलेलं होतं. तरी तो एकटा गेला नाही, आम्हाला बोलावून घेतलं. “भूत-बित काई नसते,” असं त्यानं बसमध्ये इतक्या वेळा सांगितलं की आम्हालाच भीती वाटायला लागली.

दुपारी आम्ही म्हातारबांच्या टीव्हीसमोर बसलो. मुंग्या आल्या. रणगाडे आले. दिलीपनं डोळे मिटून घेतले. नंदूनं उठून अंगणातली अँटेना पाहिली, तिच्यालगत शेजारच्या घरची अँटेना पाहिली आणि शेजारच्या मागच्या दारानं आत डोकावला. आम्हीही त्याच्या मागोमाग गेलो.

आत शेजारची सून एकटी बसून रणगाडे मारत होती. सासू पुढच्या खोलीत घोरत होती. सुनेनं माहेरून आणलेला गेम कणगीमागे लपवून ठेवला होता. सासू झोपली की तिचा तेवढाच अर्धा-एक तास.

चार अनोळखी माणसं दारात पाहून ती पांढरी पडली. हात जोडून हळूच म्हणाली, “भाऊ, आमच्या सासूले नोको सांगजा. हे बी गेलं त मी काय करू?”

गेम चांगल्या स्थितीतला होता. आम्ही तो मागायलाच आलो होतो, पण कोणीच मागितला नाही. नंदूनं तिची वायर अँटेनापासून वेगळी करून दिली. मग म्हातारबांच्या घरी येऊन त्यानं उगाच टीव्ही उघडला, उगाच फुंकर मारली आणि भूत गेल्याचं जाहीर केलं. म्हातारबांनी विचारलं, “कोन होता त मग?”

नंदू म्हणाला, “बाई होती. शांत केली.”

* * *

दवनीवाड्याच्या एका रिटायर मास्तरांचा किस्सा अगदी छोटा आहे.

टीव्ही गेम लावला की टीव्हीची पिक्चर ट्यूब उडते, ही भीती तेव्हा घरोघरी होती. मास्तरांनी ती विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना शिकवली होती. मुलासाठी घेतलेला गेम त्यांनी पहिल्याच दिवशी पेटीत बंद केला, तो आम्ही मागायला गेलो तेव्हा बाहेर काढला. दोन बोटांत धरून आणला आणि खेमराजच्या हातात ठेवून मागे सरकले.

“गावात कुठं लावू नका,” ते म्हणाले. “वेशीबाहेर नेऊन लावा.”

खेमराजचं घर त्यांच्या घरासमोरच आहे. तो गेम अजून माझ्याकडे गोंदियात असतो.

* * *

चोरखमारा तलावाकडे खेमराजच्या मामेसासऱ्यांचं घर. त्यांच्या गोठ्यावरच्या माळ्यावर तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगात एका पेटीत गेम आहे, अशी पक्की खबर होती. खेमराज शिडीवरून वर चढला, आम्ही तिघं खाली उभे.

वर अंधार. खेमराजनं तणसात हात घातला आणि असा ओरडला की खाली गाय दावं तोडायला लागली. “साप, साप!” बॅटरी लावून पाहिलं तर ती गेमच्या अडॅप्टरची वायर होती. मामेसासरे खालून म्हणाले, “जावईबापू, लग्नाच्या येळी त मोठे धीट वाटले होते.”

आता जावई चिडला. सासुरवाडीचा मामला. पेटी तर सापडली, पण रिमोट नव्हता. त्यानं बॅटरी खिशात टाकली, पुन्हा तणसात हात घातला, दुसरी वायर हाताला लागली ती घट्ट धरली आणि जोर लावून ओढली. वायर लांब होती. ओढता ओढता ती त्याच्या मनगटाला गुंडाळायला लागली.

धामण होती. चावत नाही, विषारी नाही, सगळं खरं. पण हे ज्ञान मनगटाला साप गुंडाळलेल्या माणसाला आठवत नाही. खेमराज शिडीनं उतरलाच नाही, थेट शेणाच्या ढिगावर आला. धामण एकीकडे गेली, गाय दुसरीकडे.

दिलीप कुठं दिसेना. शोधत गेलो तर तो तलावाच्या पाळीवर धापा टाकत बसलेला. मामेसासरे मला म्हणाले, “हा पोट्टा ग्राउंडवर असाच पळाला असन त भरती होनारच होता.”

* * *

गोंदियातल्या एका भंगारवाल्या शेठच्या गोदामात दर आठवड्याला आमची चक्कर असायची. शेठ तांब्यासाठी सगळं फोडायचा. आम्हाला त्याच्या हातोड्याच्या आधी पोचावं लागायचं.

त्या दिवशी एक गेम अख्खा पडलेला होता, दोन्ही रिमोटसकट. मी सहज विचारलं, “सेठ, ये कहाँ से आया?”

शेठ म्हणाला, “लेना है तो लो। पूछना है तो मत लो।”

हे ऐकून दिलीपच्या चेहऱ्याचा रंग गेला. चोरीचा माल, त्यात आपण, त्यात पडताळणी. तो सरळ रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. तेवढ्यात एक हवालदार शेजारच्या टपरीवर चहाला थांबला. आम्ही आत घासाघीस करत होतो, आम्हाला पत्ता नाही. दिलीपनं हवालदार पाहिला आणि मागच्या सलूनमध्ये घुसला.

खुर्चीवर बसल्यावर न्हाव्यानं विचारलं, “क्या करना है?” दिलीपची नजर आरशातून हवालदारावर. तो म्हणाला, “जिसमें ज्यादा टाइम लगता है, वो करो।”

न्हावी कामसू माणूस. केस कापले, दाढी केली, डोक्याची मालिश केली. हवालदाराला ओळखीचा कोणी भेटला होता, त्यानं दुसरा चहा मागवला. दिलीप म्हणाला, “और करो।” आता करायला एकच गोष्ट उरली होती.

आम्ही गेम घेऊन बाहेर आलो तेव्हा सलूनच्या पायरीवर एक तुळतुळीत गोटा उभा होता. आम्ही त्याला ओळखलंच नाही. आम्ही पोट धरून हसलो, ते संध्याकाळपर्यंत. मग त्याला घरी सोडायला गेलो. त्याच्या आईनं दारातून ते डोकं पाहिलं, हातातलं सूप खाली पडलं आणि तिनं चौकटीला धरलं.

“कोन गेला रे?” तिनं विचारलं.

त्यानंतर हा किस्सा आम्ही तिच्यासमोर कधीच सांगितला नाही.

* * *

आणि आता तो पिस्तुलाचा.

या गेमसोबत एक पिस्तूल मिळायचं. ते गेमला वायरनं जोडायचं, टीव्हीतल्या उडत्या पाखरावर नेम धरायचा, घोडा दाबला की पाखरू पडायचं. खोके सापडायचे, रिमोट सापडायचे, पिस्तूल मात्र जिल्ह्यात कुठं शिल्लक नव्हतं. पोरांनी आधी तीच तोडली होती. शेवटी देवरीच्या पलीकडच्या जंगलपट्टीत, एका रिटायर वनरक्षकाच्या घरी, अख्खा संच असल्याचं कळलं. खेमराजची रोवणी चालू होती, म्हणून नंदू, दिलीप आणि मी असे तिघंच गेलो.

पिस्तूल होतं. चालतही होतं. फक्त वनरक्षकाच्या नातवानं त्याला गुलाबी रंग दिला होता.

नंदू या बाबतीत फार कडक. जुनी वस्तू मूळ रंगातच पाहिजे, हा त्याचा धर्म. काळ्या रंगाचा डबा तो पिशवीत घेऊनच फिरायचा. त्यानं तिथंच अंगणात बसून पिस्तुलाला काळा रंग मारला, उन्हात वाळवला, दुसरा हात दिला. “पहा, आता कसं खरं दिसते,” तो म्हणाला. आम्हीही माना हलवल्या. तो भाग नक्षलग्रस्त आहे, वाटेत पोलिसांची चौकी आहे, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या डोक्यात फक्त मूळ रंग होता.

बसमध्ये दिलीपला जागा मिळाली म्हणून गेमची बॅग त्याच्या मांडीवर. चौकीपाशी बस थांबली. एक जवान वर चढून सामान तपासत आला. दिलीपच्या बॅगेत त्यानं हात घातला. आधी वायरी निघाल्या. मग नंदूच्या दुकानातली उघडी सर्किट. मग त्याचा हात आतच थांबला आणि दुसरा हात बंदुकीवर गेला.

“बॅग कोणाची?”

मला दिलीपच्या आईचा चेहरा दिसला. मी म्हणालो, “माझी.” त्याच क्षणी मागून नंदू म्हणाला, “माही हाय.”

एका बॅगेला दोन मालक निघाल्यावर जवानाची खात्रीच पटली. आम्हाला तिघांना हात वर करून उतरवलं. सगळी बस खिडक्यांना लागली होती. एक बाई लेकराला म्हणाली, “पाहू नोको तिकडे.”

आत फौजदारांच्या टेबलावर सगळं मांडलं गेलं: वायरी, सर्किट, अडॅप्टर, आणि मधोमध ते काळं पिस्तूल. मी स्वतः पाहिलं तेव्हा मलाही ते खेळणं वाटेना. फौजदार शांत माणूस होते. त्यांच्या शांतपणाचीच जास्त भीती वाटत होती.

“काय आहे हे?”

“टीव्ही गेम, साहेब,” नंदू म्हणाला.

“गेम आहे ना? मग चालवून दाखवा.”

भिंतीवर नवाकोरा चपटा टीव्ही होता. तो पाहताच मी नंदूकडे वळलो. कारण हे पिस्तूल फक्त जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीवर चालतं. चपट्या टीव्हीवर नळी काचेला टेकवून घोडा दाबला तरी पाखरू पडत नाही. हे गेमवाल्यांना माहीत असतं, पोलिसांना कशाला माहीत असेल?

नंदूनं गेम जोडला. पाखरं उडाली. त्यानं घोडा दाबला. पाखरं उडत राहिली. त्यानं पुन्हा पुन्हा दाबला, पाखरं मजेत उडत राहिली.

“गेम चालतो,” फौजदार म्हणाले. “मग हे पिस्तूल कशाचं आहे?”

“साहेब, ह्या टीव्हीवर नाई चालत. जुना टीव्ही लागते.”

“असं का?” फौजदार म्हणाले. त्यांनी हवालदाराला खूण केली. हवालदारानं रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण काढून दिलीपकडे पाहिलं. “पूर्ण नाव सांग.”

दिलीपनं नाव सांगितलं नाही. तो फौजदारांना म्हणाला, “साहेब, भरतीत नाव लागलं माहं. पडताळणी तेवढी बाकी हाय. नाव लिवू नोका साहेब, माही माय मरून जाईन.”

फौजदारांनी एकदा पिस्तुलाकडे, एकदा दिलीपकडे पाहिलं. मग हवालदाराला म्हणाले, “थांब जरा. स्वयंपाक्याकडे जुना टीव्ही आहे ना?”

चौकीमागं स्वयंपाक्याची खोली होती. खिडकी नाही, भर दुपारी बल्ब लावलेला. स्वयंपाकी चुलीवर वरण शिजवत होता, आणि कोपऱ्यात धुरानं काळवंडलेला फुगीर टीव्ही. नंदूनं वायर खुपसली आणि चॅनल फिरवत बसला. मुंग्या, मुंग्या, पुन्हा मुंग्या. आयुष्यात मी कशाची एवढी वाट पाहिली नसेल. एकदाची पाखरं दिसली. नंदूनं पिस्तूल उचललं तसे फौजदार म्हणाले, “तू नाही. बॅग ह्याच्या मांडीवर होती. हा चालवेल.”

ते स्वतः खोलीच्या मधोमध उभे राहिले. दारात दोन जवान, बंदुका हातात.

“एक पाखरू पाड,” ते दिलीपला म्हणाले. “एकच पाड. मग पुढं बोलू.”

दिलीपनं नेम धरला. पहिलं पाखरू उडून गेलं. दुसरं गेलं. तिसरं अगदी हळू आलं, तेही गेलं. हवालदारानं रजिस्टर बगलेतून काढलं. दिलीपच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायची त्याला शुद्ध नव्हती.

इथं एक सांगायला हवं. लहानपणी या गेममध्ये आम्ही सगळेच एक लबाडी करायचो. पिस्तुलाला फक्त उजेड कळतो. त्यामुळे टीव्हीकडे नेम धरायचाच नाही. पिस्तूल पेटत्या बल्बकडे करून घोडा दाबायचा. मग नेम चुकतच नाही, दर गोळीला पाखरू पडतं. ज्यानं लहानपणी हा गेम खेळलाय, त्याचा हात हरायला लागला की आपोआप बल्बकडे जातो.

दिलीपचा हात गेला.

बल्ब खोलीच्या मधोमध लटकत होता. बरोबर फौजदारांच्या डोक्यावर.

काळं पिस्तूल फौजदारांच्या दिशेनं वळलेलं मी पाहिलं. दारातल्या दोन्ही बंदुका खाडकन वर आल्या. नंदू “दिल्या” एवढंच म्हणाला. मला वाटलं, आता आपल्या डोळ्यांदेखत हा पोरगा मरणार. दिलीपला काहीच दिसत नव्हतं. त्यानं घोडा दाबला.

टक्‌.

टीव्हीवरचं पाखरू गिरक्या घेत खाली पडलं.

चुलीवरचं वरण उतू गेलं, स्वयंपाक्यानं ते उतरवलं नाही. फौजदारांनी हात वर करून जवानांना बंदुका खाली घ्यायला लावल्या. मग त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मान वर करून बल्बकडे पाहिलं आणि हवालदाराच्या हातातलं रजिस्टर घेऊन मिटलं.

पिस्तूल त्यांनी दिलीपच्या बोटांतून हळूच सोडवून घेतलं.

“ट्रेनिंगला फायरिंग रेंजवर बल्ब नसतो रे,” ते म्हणाले.